आधी स्टे, मग बॅग : क्रूझरच्या सॅडल बॅगांविषयी वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की लांब पल्ल्याचे बेत ठरतात आणि पावसात भिजलेल्या, उन्हात तडकलेल्या सॅडल बॅगा, म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या दोन्ही बाजूंच्या बॅगा, बदलायची आठवण होते. या अंकात त्याच विषयाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक तक्रारींचं मूळ बॅगेत नसतं, ती ज्याच्यावर टेकते त्या लोखंडात असतं. म्हणून उत्तरांत बॅगेपेक्षा स्टे, बोल्ट आणि बुश (बोल्टभोवती बसून मधली फट भरणारी नळी) यांच्याविषयी जास्त लिहिलं आहे.

प्रश्न (सातारा) : माझ्या अ‍ॅव्हेंजर 220 वर सीटखालून पट्टा टाकून टांगलेल्या रेक्झिनच्या बॅगा आहेत. डाव्या बॅगेची पाठ चाकाकडे झुकून घासली आणि फाटली. आता नवी जोडी घ्यायची आहे. चामडं, रेक्झिन, कॉर्ड्युरा की हार्ड बॉक्स? आणि किती लिटरची?

उत्तर : बॅग जुनी झाली म्हणून फाटली असं समजू नका. तिला मागे टेकायलाच काही नव्हतं. सीटखालून टांगलेल्या जोडीत वरची कड तेवढी धरलेली असते, खालची मोकळी. गाडी खड्ड्यात गेली की चाक वर येतं आणि नेमकी त्याच वेळी बॅगेची खालची कड आत झुलते. त्यात पाठीचा पुठ्ठा दमट हवेत मऊ पडला की बॅग शॉकअपभोवती गुंडाळल्यासारखी वाकते.

जुनी बॅग टाकून देण्याआधी तिची पाठ उजेडात नीट बघा. गुळगुळीत, चकचकीत झालेला अर्धचंद्र दिसला तर तिथे टायर लागत होता. एकाच जागी गोल भोक पडलं असेल तर ते शॉकअपच्या खालच्या नटाचं. लांब तिरपा ओरखडा असेल तर साडी गार्डच्या नळीचा. नवी बॅग बसवल्यावर याच जागा मोकळ्या राहायला हव्यात, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

बजेट ठरवताना आधी सॅडल स्टेचे पैसे बाजूला काढा, मग उरलेल्यात बॅग बघा. स्टे म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना बसणारी नळीची चौकट, जिच्यावर बॅग टेकते. नळी 16 ते 19 मिमी जाडीची आणि तिची भिंत दीड-दोन मिमीची असावी. बोल्टच्या पट्ट्या 5 मिमी जाड असाव्यात. 8 मिमी सळईचे आणि 3 मिमी पट्टीचे स्टे स्वस्त मिळतात, पण पट्टी आणि सळई जिथे वेल्ड केलेली असते तिथेच ते तुटतात. हातात घेऊन वेल्ड बघा : सलग, लाटांसारखी रेघ हवी. चार ठिपके देऊन वरून काळा रंग मारलेला स्टे परत करा. आणि प्रत्येक बाजूला तीन आधार आहेत ना, ते मोजा. दोनच असतील तर बॅग त्या दोन बोल्टांभोवती हिंदोळते.

आता माल. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी. पाणी अडवतं, स्वस्त असतं, पण उन्हात कडक होतं आणि घडीवर तडकतं. चामडं क्रूझरला शोभतं आणि दहा वर्षं टिकतं, मात्र त्याची देखभाल लागते. 'प्युअर लेदर' म्हणून मिळणाऱ्या अनेक बॅगांत वर पातळ चामडं आणि आत पुठ्ठा असतो. फ्लॅपची कापलेली कड बघा. खरं जाड चामडं कडेला एकसंध, तंतूंचं दिसतं. थर सुटलेले दिसले तर सोडून द्या. किमान 3 मिमी जाडी हवी. मुंबईत धारावीच्या कारागिरांकडून मापाने बॅग शिवून घेता येते आणि क्रूझरसाठी तो फार चांगला मार्ग आहे, कारण तयार बॅग शॉकअपच्या कोनाशी क्वचितच जुळते. कॉर्ड्युरा, म्हणजे जाड नायलॉनचं कापड, हलकी असते, रोज काढ-घाल करणाऱ्यांसाठी उत्तम. 1000 डेनियरची (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) घ्या, 600 डेनियरचं साधं पॉलिस्टर नळीवर घासून लवकर विरतं. हार्ड बॉक्स त्यानेच घ्यावा ज्याला गाडी हॉटेलबाहेर सामानासकट उभी करायची आहे. त्याचं रिकामं वजनच दर बाजूला तीन-चार किलो असतं.

लिटरचा आकडा दुकानदारावर सोडू नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा आणि हजाराने भागा. 40 बाय 16 बाय 28 ची बॅग 17.9 लिटर भरते. गोलाई आणि अस्तर धरून प्रत्यक्षात 15 लिटर. दोन माणसांच्या तीन दिवसांच्या कपड्यांना अशा दोन पुरतात. अ‍ॅव्हेंजरवर त्याहून मोठी बॅग घेतली की ती एकतर मागच्या फूटरेस्टवर येते किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या फार मागे जाते.

खरेदीआधी पुठ्ठ्याचा साचा करा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा बॅगेच्या मापाचा कापून, चिकटपट्टीने स्टेच्या जागी लावा आणि दोघं जण गाडीवर बसा. मागच्याची टाच पुठ्ठ्याला लागू नये, चार बोटं अंतर राहावं. या गाडीचं मागचं चाक 15 इंची, त्यामुळे बॅग खाली बसते आणि दिसते छान, पण स्पीडब्रेकरवर खालचा कोपरा घासतो. दोघं बसलेले असताना जमिनीपासून किमान 25 सेंमी उंची ठेवा. रुंदीला एकच माप : दोन्ही बॅगा धरून गाडी हँडलपेक्षा रुंद होऊ नये. मग जिथून हँडल जाईल तिथून बॅगाही जातील.

प्रश्न (नाशिक) : मीटिअर 350 साठी स्टे मागवला आहे. सोबत कागद आला नाही, फक्त बोल्टांची पिशवी आली. गॅरेजवाला म्हणतो शॉकअप खोलावा लागेल. घरी बसवता येईल का? क्रम काय?

उत्तर : येईल. दोन तास मोकळे ठेवा आणि 6 मिमीची अ‍ॅलन की, 12, 13, 14 आणि 17 चे पाने, गोल कानस, व्हर्नियर किंवा निदान स्टीलची पट्टी, निळं लॉकटाइट 243 (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) एवढं जमवा. टॉर्क रेंच एखाद्या दिवसासाठी उसना मिळत असेल तर नक्की आणा.

पिशवीतले बोल्ट तसेच वापरू नका. डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे का बघा. काहीच नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून 8.8 चे नवे आणा. 8 मिमीचा बोल्ट 1.25 पिचचा असतो, तेवढं सांगितलं की पुरे. नट नायलॉक घ्या, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले.

लांबी अशी काढा. समजा मूळ बोल्ट 30 मिमीचा आहे. स्टेची पट्टी 5 मिमी आणि मधला बुश 12 मिमी, म्हणजे 47 लागतात. बाजारात 45 आणि 50 मिळतात. 45 घेतला तर दोन मिमी आटे कमी पकडतील. 50 घेतला तर तीन मिमी टोक पुढे येईल. लोखंडात 8 मिमीच्या बोल्टचे निदान 8 मिमी आटे, अ‍ॅल्युमिनियममध्ये 12 मिमी पकडायला हवेत. त्यात बसत असेल तर 45 चालेल. पण बोल्ट मडगार्डमधून आरपार जात असेल तर आतलं टोक टायरकडे असतं, आणि गाडी पूर्ण दबली की ते टायरवर रेघ ओढतं. अशा जागी बोल्ट उलटा घाला : चपटं डोकं टायरकडे, नट बाहेर. ही एक गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास चुकते.

पट्टी आणि चॅसी यांच्यातली फट वॉशरच्या चळतीने भरू नका. चार-पाच वॉशर एकमेकांवर सरकतात आणि बोल्ट वाकतो. लेथवाल्याकडून 20 मिमी बाहेरचा व्यास आणि 8.5 मिमी भोक असलेले अ‍ॅल्युमिनियमचे बुश कापून घ्या. दोन्ही तोंडं काटकोनात असली पाहिजेत, एवढंच त्याला बजावा.

आता क्रम. गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर. एका वेळी एकच बाजू हातात घ्या. आधी वरचे बोल्ट, मग शॉकअपच्या वरच्या टोकाचा नट, शेवटी फूटरेस्टकडचा आधार. शॉकअप खोलायचा नाही. फक्त त्याचा वरचा नट काढून स्टेची पट्टी त्या स्टडवर, म्हणजे आटे असलेल्या दांड्यावर, चढवायची आणि नट परत लावायचा. इथे थांबून बघा : नट पूर्ण आवळल्यावर स्टडचे एक-दोन आटे नटाच्या बाहेर दिसतात का? नट स्टडच्या टोकाशी समपातळीत किंवा आत राहिला तर ती पट्टी तिथे बसवायची नाही. तो नट मागचं सगळं वजन धरतो. अशा वेळी स्टे परत करा किंवा लांब स्टडचा, त्याच गाडीसाठी बनवलेला संच घ्या. मूळ स्टडवर काहीतरी वेल्ड करून लांबी वाढवून देतो म्हणणाऱ्या माणसापासून गाडी दूर ठेवा.

आणखी एक. स्टेचा कोणताही आधार शॉकअपच्या खालच्या टोकाला किंवा स्विंगआर्मला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमट्याला, येता कामा नये. वरचे बोल्ट चॅसीसोबत स्थिर राहतात आणि चिमटा चाकासोबत वर-खाली होतो. दोन्हींना एकच चौकट जोडली की प्रत्येक खड्ड्यात ती पिळली जाते. आधी बोल्ट सैल होतात, मग पट्टी तुटते, आणि तुटलेली पट्टी चाकात गेली तर काय होईल हे लिहायला नको.

सगळे बोल्ट आधी हाताने, दोन-तीन आटे मोकळे ठेवून लावा. एखादं भोक जुळत नसेल तर स्टे पहारीने ओढून बसवू नका. तो ताण कायम वेल्डवर राहतो. भोक गोल कानशीने एक-दोन मिमी लांबट करा आणि उघड्या लोखंडाला रंगाचा हात द्या. सगळं मोकळेपणाने बसलं की मगच आवळा : 8 मिमीच्या 8.8 बोल्टला साधारण 25 न्यूटन मीटर, 6 मिमीला 10. शॉकअपच्या नटाचा आकडा मात्र सर्व्हिस मॅन्युअलचाच घ्या. लॉकटाइट जिथे बोल्ट थेट चॅसीच्या आट्यांत जातो तिथे एक थेंब. नायलॉक नटाला लागत नाही. लॉकटाइट पूर्ण घट्ट व्हायला 24 तास लागतात, म्हणून संध्याकाळी बसवून पहाटे निघू नका.

शेवटी नंबर प्लेटच्या मागून डावा आणि उजवा स्टे जोडणारी आडवी पट्टी आहे का बघा. नसेल तर 25 बाय 3 मिमीची पट्टी वाकवून करून घ्या. दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात आणि स्टेचं आयुष्य कितीतरी वाढतं. मात्र ती प्लेटवरच्या अक्षरांसमोर येऊ देऊ नका.

प्रश्न (कोल्हापूर) : आई साडी नेसते आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसते. डावी सॅडल बॅग बसवायला साडी गार्ड काढावा लागेल असं गॅरेजमध्ये सांगितलं. काढावा का?

उत्तर : काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असावंच लागतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपल्याकडे कुणाला नवीन नाहीत. बॅग म्हणजे गार्ड नव्हे. तिच्या आणि चाकाच्या मधल्या फटीतून पदर सहज आत जातो.

साडी गार्ड ठेवून, त्याच्या बाहेरून बसणारा स्टे मिळतो किंवा करून घेता येतो. त्यासाठी डावी बाजू 3 ते 4 सेंमी जास्त बाहेर येते, म्हणून उजव्या बाजूचा बुशही तेवढाच लांब घ्या, नाहीतर गाडी मागून वाकडी दिसेल आणि वजनही एका अंगाला जाईल.

पण खरी अडचण वेगळी आहे. डावी बॅग असताना एका बाजूला बसणाऱ्याचे पाय ठेवायलाच जागा उरत नाही. पाय बॅगेवर टेकतात, घसरतात. म्हणून तुमच्यासाठी झटकन निघणाऱ्या बॅगाच योग्य. स्टे कायम गाडीवर राहू द्या, बॅग दोन क्लिपा आणि एका पट्ट्यावर. आई बसणार त्या दिवशी डावी बॅग घरी. त्या दिवशी उजवीकडेही जड काही भरू नका. आणि मोकळ्या स्टेवर लोंबणारे पट्टे तसेच सोडू नका, गुंडाळून रबराने बांधा. नायलॉनचा पट्टा चाकात गेला तर तुटत नाही, चाक थांबवतो.

प्रश्न (पुणे) : नवी कॉर्ड्युरा बॅग पहिल्याच राइडमध्ये उजव्या बाजूला सायलेन्सरवर वितळून चिकटली. तीन सेंमी अंतर होतं. मग असं कसं?

उत्तर : तीन सेंमी रिकाम्या बॅगेचं होतं. भरल्यावर तिचं पोट खाली येतं. मऊ बॅगेचं माप नेहमी भरून घ्यायचं : आत दोन लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा आणि मग अंतर बघा. सायलेन्सरच्या वर भरलेल्या बॅगेला 7 ते 8 सेंमी हवेत. सायलेन्सर चॅसीलाच बांधलेला असल्यामुळे खड्ड्यात तो बॅगेच्या जवळ येत नाही. जवळ येते ती बॅगच. तिच्या तळाला आधार नसेल तर दर हिसक्याला ती खाली आपटते.

तेवढी जागा मिळत नसेल तर पत्र्याची ढाल करा. 1 मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, बॅगेच्या तळापेक्षा सगळीकडून दोन सेंमी मोठा, स्टेच्या खालच्या नळीला दोन क्लॅम्पने बांधा. पत्रा आणि बॅग यांच्यात 10 मिमी हवा खेळती राहिली पाहिजे. पत्रा बॅगेला चिकटवला तर तो स्वतःच तापून बॅग भाजतो. कडा आत वळवून घ्या, नाहीतर करवतीसारख्या कापतात. बॅगेला आधार पत्र्याने नाही, त्याखालच्या नळीने द्यायचा.

सायलेन्सरवर चिकटलेलं प्लास्टिक गार असताना खरवडू नका, क्रोम जातं. इंजिन थोडं तापवून, कोमट झालेल्या सायलेन्सरवरून लाकडी पट्टीने उचला. उरलेला डाग अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने, गाडी पूर्ण गार झाल्यावर आणि मोकळ्या हवेत. सुपर मीटिअर 650 वाल्यांनी हे सगळं दोन्ही बाजूंना करायचं आहे, कारण त्या गाडीला दोन्हीकडे सायलेन्सर आहेत.

प्रश्न (ठाणे) : थंडरबर्डवर एबीएस प्लास्टिकच्या हार्ड बॅगा आहेत. बोल्टच्या भोकांभोवती चांदणीसारख्या चिरा पडल्या. बॅग कधी आपटली नाही. बोल्ट सुटू नयेत म्हणून लॉकटाइटही लावलं होतं.

उत्तर : लॉकटाइटनेच घात केला. हे द्रव धातूच्या आट्यांसाठी आहे. एबीएससारख्या प्लास्टिकवर ते ओघळलं आणि त्याच जागी बोल्टचा ताण असला की प्लास्टिक आतून तडकतं. चिरा भोकापासून बाहेर किरणांसारख्या जातात, अगदी तुम्ही वर्णन केल्यासारख्या. प्लास्टिकच्या भिंतीला नायलॉक नटच वापरायचा.

दुसरं कारण छोटे वॉशर. 8 मिमीच्या बोल्टला साधा वॉशर 16 मिमीचा येतो. प्लास्टिकसाठी 24 मिमीचा मोठा घ्या, आणि त्याच्याखाली दोन्ही बाजूंना 3 मिमी रबर. बोल्ट रबर जरासं फुगेपर्यंतच आवळायचा. त्याहून चांगलं म्हणजे भोकात धातूची नळी घालायची, भिंत आणि रबर यांच्या जाडीपेक्षा किंचित आखूड. मग कितीही आवळलं तरी दाब नळीवर येतो, प्लास्टिक चिरडत नाही.

दुरुस्ती होण्याजोगी आहे. प्रत्येक चिरेच्या अगदी टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, त्याने चीर पुढे सरकत नाही. आतली बाजू खरखरीत करा. बॅगेच्याच न लागणाऱ्या कोपऱ्यातून किंवा तसल्याच तुटक्या एबीएसमधून काढलेला चुरा अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर विरघळवून मधासारखा घट्ट करा, चिरेत भरा, वर त्याच लेपात बुडवलेली फायबरची जाळी लावा. दोन दिवस वाळू द्या. शेवटी आतून 2 मिमी अ‍ॅल्युमिनियमची हातभर लांब पट्टी, म्हणजे सगळे बोल्ट एकाच पट्टीतून जातील. बॅग फायबरग्लासची असेल तर ही कृती चालणार नाही. तिथे रेझिन आणि मॅट लागतं. ओळखायची खूण : आतून तंतूंची जाळी हाताला लागते ती फायबरग्लास.

प्रश्न (रत्नागिरी) : चामड्याच्या बॅगांना दर पावसाळ्यात पांढरी-हिरवी बुरशी येते, आणि बकलं गंजतात. काय करावं?

उत्तर : कोकणातल्या हवेत चामडं जून ते सप्टेंबर गाडीवर ठेवूच नये, हे आमचं स्पष्ट मत. ते चार महिने कॉर्ड्युरा किंवा नुसती रोल करून बंद होणारी ड्राय बॅग वापरा. तोंड निदान तीन घड्या गुंडाळल्याशिवाय पाणी थांबत नाही.

आलेली बुरशी घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडा. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समान घेऊन, फडकं पिळून पुसा. सावलीत, पंख्याखाली दोन दिवस. ऊन आणि हेअर ड्रायर नको, चामड्यातलं तेल निघून ते पापडासारखं कडक होतं. वाळल्यावर नीट्सफूट तेलाचा अगदी पातळ हात, एक दिवस मुरू द्या, मग मेणाचं पॉलिश. शिवणीवर मेण जास्त चोळा, पाणी तिथूनच शिरतं. तेल थापलं तर चामडं सैल पडतं आणि बॅग पोट काढते. ठेवताना आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सुती पिशवीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली की बुरशीची सोय झाली.

बॅगेच्या तळाला सर्वांत खालच्या कोपऱ्यात 10 मिमीचे दोन पितळी आयलेट (भोकाला बसवायच्या कड्या) मारून घ्या. पाणी आत जाणारच, ते बाहेर पडायला वाट हवी.

बकलं पितळी किंवा 304 स्टेनलेसची लावा. स्टेचे बोल्टही तिथे स्टेनलेसचे लागतात, पण दोन काळज्या. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नायलॉक नट भराभर फिरवला तर आटे एकमेकांत रुततात आणि बोल्ट कापावाच लागतो. तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस लावून हाताने, सावकाश फिरवा. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो, म्हणून आकडा पंचवीस टक्क्यांनी कमी धरा. शॉकअपचा नट मात्र मूळचाच ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : नव्या बॅगा बसवल्यापासून ताशी 80 च्या पुढे गाडी मागून डुलते. टायर नवे आहेत.

उत्तर : आधी नेमकं काय हलतं ते ठरवा. हँडल थरथरतं की गाडीचा मागचा भाग सापासारखा डुलतो? तुम्ही लिहिलं आहे त्यावरून दुसरं वाटतं. त्याची कारणं, ज्या क्रमाने तपासायची त्याच क्रमाने :

बॅगा पूर्ण काढून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवा. डुलणं गेलं तर रिकाम्या बॅगा लावून, मग भरून. रिकाम्या बॅगांनीच डुलत असेल तर स्टे हलतो आहे : मागचं टोक हाताने धरून आडवं हलवा, बोटाच्या जाडीइतकीही चाल असली तर आडवी पट्टी नाही किंवा बुश सैल आहेत. भरल्यावरच डुलत असेल तर वजनाची जागा चुकली आहे. बॅगेचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या रेषेवर किंवा पुढे हवा. मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी शेपटीच्या तालावर नाचते. पाणी, हत्यारं, चेन स्प्रे हे जड सामान तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात. कपडे वर आणि मागे. घरातल्या वजनकाट्यावर दोन्ही बॅगा तोला, फरक अर्ध्या किलोच्या आत आणा. मऊ बॅगेत दर बाजूला पाच किलोच्या पुढे जाऊ नका. ही मर्यादा अनेकांना कमी वाटते; पण माणसं, सामान आणि स्टे मिळून मॅन्युअलमधल्या एकूण वजनात बसायचं आहे.

शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा. मीटिअरवर सहा पायऱ्या आहेत. जोडीदार आणि सामान असेल तर दोन पायऱ्या वर, दोन्ही बाजूंना मोजून सारख्याच. एकीकडे तीन आणि दुसरीकडे पाच ठेवलेली गाडी अशीच डुलते. हवा थंड टायरमध्ये, मॅन्युअलमधल्या 'दोघं बसलेले' आकड्याप्रमाणे.

एवढं करूनही राहिलं तर बॅगांनी नुसता जुना दोष उघडा पाडला आहे. मागचं चाक उचलून, टायर धरून आडवं हलवा. कट्कट् जाणवलं तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहेत. पुढचं चाक उचलून फोर्कची खालची टोकं पुढे-मागे ढकला. खट् लागली तर हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. तो दुरुस्त होईपर्यंत बॅगा लावू नका आणि वेग साठच्या आत ठेवा.

प्रश्न (पणजी) : बॅगांमुळे मागचे इंडिकेटर बाजूने दिसत नाहीत. सरकवले तर आरटीओ अडवेल का?

उत्तर : न दिसणारा इंडिकेटर हाच आधी अडवण्यासारखा आहे, तेव्हा सरकवाच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. चॅसी कापणं, तिला काही वेल्ड करणं हे करू नका. बोल्टवर बसणारं, काढता येणारं सामान वेगळं. मूळचेच इंडिकेटर, मूळच्याच रंगाचे, नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूंना आडव्या पट्टीवर आणा. मागून आणि तिरप्या बाजूनेही दिसतात का ते दहा पावलांवर उभं राहून तपासा. नंबर प्लेट आणि तिचा दिवा झाकता कामा नये.

वायर ओढून पुरवू नका. त्याच जाडीची वायर जोडून, सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. नुसता पीळ आणि काळी टेप पहिल्या पावसात हिरवी होते. वायर मडगार्डच्या आतून नेताना टायर पूर्ण वर आल्यावरही लागणार नाही अशी कडेला बांधा. याच वेळी 10 वॉटचे बल्ब काढून एलईडी लावले तर इंडिकेटर भराभर लुकलुकू लागतील, कारण फ्लॅशर रिले, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच, जुन्या भाराला बसवलेला असतो. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले घाला.

प्रश्न (नागपूर) : बोल्ट किती दिवसांनी आवळायचे?

उत्तर : पहिल्या 50 किलोमीटरनंतर, मग 500 ला, मग प्रत्येक सर्व्हिसला. दर वेळी पाना लावण्याची गरज नाही. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. एकच बोल्ट पुन्हा पुन्हा फिरत असेल तर आणखी आवळू नका. तो काढून भोक, बुशची तोंडं आणि पट्टीची वेल्ड बघा, तिथे केसासारखी चीर सापडेल.